चिंचेखालचे गुरुवार

आंब्याला मोहोर आला की लोकांना काय काय सुचतं. चिंच पिकली की कुणाला काही सुचत नाही, नुसतं तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र फाल्गुनात दगडावर हातोडी पडल्याचा ठक ठक आवाज ऐकू आला की पाय पुढं टाकवत नाही. परवा नांदूरघाटच्या बाजारात एका ओट्यावर चारपाच बायका चिंच फोडत बसल्या होत्या. एका बाजूला टरफलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला काळेभोर चिंचोके. मी कांदे घ्यायला गेलेली, तिथंच उभी राहिले. त्यांतली एक मान वर न करता म्हणाली, "घ्यायची का बाई चिंच, का नुसतीच बघायची?" मी न फोडलेली पोतंभर चिंच घेतली. घरी नवरा म्हणाला, "आपण दोन माणसं, वर्षभर नुसती चिंचच खायची का?" म्हटलं, शाळेत लागते. शाळेत चिंच कशाला लागते हे त्यानं विचारलं नाही, तेच बरं झालं, कारण ते एका वाक्यात सांगता आलं नसतं.

यंदा पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. संक्रांतीपासून टँकर सुरू आहेत. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, दुष्काळात चिंच जास्त धरते. खरं-खोटं देव जाणे, पण मी आठवीत होते त्या दुष्काळातही शाळेच्या आवारातल्या चिंचा अशाच लगडल्या होत्या. विहिरी आटल्या, बोअरमधून नुसती हवा यायची, कडुलिंबं सुद्धा मलूल झालेली, आणि या चिंचा मात्र कुणाच्या बापाला न भिता उभ्या.

आमच्या तालुक्यात सहकारी साखर कारखाना होता. त्याचं धुराडं शाळेच्या मागच्या खिडकीतून दिसायचं. त्या वर्षी उसाला पाणीच नव्हतं, मग बॉयलर काय पेटणार. धुराडं नुसतं उभं. मला तेव्हा वाटायचं, ह्यातून एकदा धूर निघाला की माझी माय घरी राहील. रोज सकाळी मी आधी त्या खिडकीशी जायचे, धूर नाही हे बघायचे आणि मग प्रार्थनेला उभी राहायचे. गावातल्या टोळ्या त्या वर्षी नेहमीपेक्षा लांब गेल्या, दुसऱ्यांच्या कारखान्याला, दुसऱ्यांच्या फडात ऊस तोडायला. माय, अण्णा आणि माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले. सोबत चुलीच्या विटा, शेळी आणि दोन कोंबड्या. कोंबड्यांना जागा होती, मला नव्हती, असा तेव्हा माझा हिशेब. खरं तर माझी शाळा बुडू नये म्हणून मला ठेवलं होतं. ट्रॉली हलली तेव्हा माय वरून म्हणाली, "चिंच झोडायच्या आत येते गं बाय. रडायचं न्हाई."

मी रडले नाही. माय सांगते तसं वागायची मला वाईट खोड होती.

आमच्यासारख्या मुलींसाठी शाळेच्या दोन वर्गखोल्यांत हंगामी वसतिगृह होतं. दिवसा बाकं आत, संध्याकाळी बाकं बाहेर आणि आमच्या वळकट्या आत. फळ्यावर दुपारचं गणित तसंच राही आणि त्याच्याखाली आम्ही जेवायचो. जेवायला मिळायचं, हे सांगितलं पाहिजे. स्वयंपाकाच्या मावशी जीव लावून करायच्या. पण संध्याकाळ झाली, गावातल्या घरांवर चुलीचा धूर दिसायला लागला, की कुणाला जेवण जायचं नाही. ताटं पुढं घेऊन आम्ही बसून राहायचो. मावशी म्हणायच्या, "काय गं, भाकरीवर रुसल्या व्हय?"

त्याच हिवाळ्यात त्या मॅडम यायला लागल्या. कुठल्याशा संस्थेकडून, बीडहून, दर गुरुवारी, सकाळच्या एसटीनं. त्यांना नाव असणारच, पण आम्ही त्यांना गुरुवारच्या मॅडम म्हणायचो आणि तेवढ्यानं भागायचं. बुटक्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलताना दर वेळी आधी चष्मा पुसायच्या. हेडसरांनी त्यांना विज्ञानाच्या सामानाची खोली दिली. आत भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं भलंमोठं चित्र होतं. दारावर खडूनं ‘समुपदेशन कक्ष’ लिहिलं. मन मोकळं करायला मुलांनी त्या सांगाड्यासमोर बसायचं, अशी सोय. पहिल्या गुरुवारी नववीतला एक मुलगा आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेनं त्याला येडा ठरवलं. माझी मैत्रीण संगी मला म्हणाली, "तिकडं येड्यांना नेतेत. आपण न्हाई जायचं." त्यानंतर त्या दारासमोरून जाताना सुद्धा मुलं पळत जायची.

मग मॅडम वर्गावर आल्या. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कुणाला काही त्रास होतो का?" निम्म्या वर्गानं हात वर केले. त्यांना केवढा आनंद झाला असेल बिचाऱ्यांना. पुढच्या गुरुवारी त्यांच्या खोलीबाहेर ही लांब रांग. आमचा समज असा, की त्रास विचारतं ते माणूस गोळ्या देतं. आरोग्य केंद्राच्या बाई यायच्या, त्रास विचारायच्या आणि गोळी द्यायच्या. ह्याही विचारतात, म्हणजे ह्यांच्या पिशवीतही असणार. आम्ही तळहात पुढं करून उभे. संगी तर आधीच सांगून मोकळी झाली, "मॅडम, मला पांढरी द्या. लाल लई कडू असती."

मॅडम हसल्या नाहीत. गोळ्या नाहीत असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी प्रत्येकीला विचारलं, "काय दुखतं?"

"पोट."

"कधी दुखतं?"

"सांजच्याला."

पुढची. "पोट." "सांजच्याला." तिच्या पुढची, तेच. माझ्या वेळेला त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मीच म्हणाले, "सांजच्याला." त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आजही आठवतं. आता वाटतं, त्या रांगेत त्यांना सगळं कळलं असावं. तेव्हा मला एवढंच वाटलं, की आता गोळी मिळत नाही.

आमच्या शाळेतल्या चिंचा हेडसर झोडून घ्यायचे आणि फोडायचं काम वसतिगृहातल्या मुलींकडं. वर्षभराच्या आमटीची बेगमी. दुपारनंतर आम्ही झाडाखाली दगड मांडून बसायचो. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, दगडावर ठेवून हातोडीचा एक ठोका, चिंचोका बाहेर. मीठ लावून गोळे करायचे. बोटं आंबून उलायची, आणि मधूनमधून तोंडात टाकल्यामुळं दातही आंबायचे. त्या गुरुवारी मॅडम खोलीतून बाहेर आल्या, एक दगड ओढला आणि आमच्यात बसल्या. म्हणाल्या, "मला शिकवा." त्यांनी पहिलाच ठोका स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतला. संगी इतकी हसली की मागं कलंडली. त्या दिवसापासून आमची भीड गेली.

चिंच फोडण्यात एक खुबी आहे, ती फोडणाऱ्यालाच कळते. तिथं कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. बघितलं की बोट गेलं. शिवाय चारी बाजूंनी ठक ठक चालू असतं, त्यामुळं आपण बोललेलं फक्त शेजारणीला ऐकू जातं. आमच्याकडच्या बायका आयुष्यातलं सगळं अवघड बोलणं अशाच बोलतात, चिंच फोडताना, शेंगा फोडताना, कापूस वेचताना. सासुरवाशिणीनं मन मोकळं करायचं म्हणून कुणी तिला खुर्चीवर बसवून दार लावून घेत नाही. मॅडमना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनी ओळखलं, की अंगठा सुजला तरी बसायचं ठरवलं, कोण जाणे. एकेक मुलगी त्यांच्या शेजारचा दगड पकडायची. काय बोलायच्या ते कळायचं नाही. पण त्या संध्याकाळी तिच्या ताटातली भाकरी संपायची, एवढं मी पाहत होते.

मला त्यांच्याशी बोलायचं होतं आणि भीती वाटत होती. झालं होतं असं, की चिंचा झोडून झाल्या आणि माय आली नाही. टोळीतल्या कुणाकडून तरी निरोप आला, की इकडं पाणी नाही, तिकडं निदान पाटाला पाणी आहे, पट्टा पडेपर्यंत थांबणार. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. ते एक वेळ मी गिळलं असतं. पण एका सकाळी खिडकीशी उभी असताना माझ्या लक्षात आलं, की मला मायचं तोंड आठवत नाहीये. लुगडं आठवत होतं, अंबाडा आठवत होता, मध्ये तोंडाच्या जागी काहीच नाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता. मी डोळे मिटून बघितलं, उघडून बघितलं. संगीला सांगितलं तर ती म्हणाली, "लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोल, तोंड दिसंल." बोलले. नाही दिसलं. मग मला खात्रीच झाली, की माय तिकडं मेली आहे आणि मला कुणी सांगत नाहीये.

एका गुरुवारी मॅडमच्या शेजारचा दगड मोकळा झाला. मी जाऊन बसले. पाचसहा चिंचा फोडल्या.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार की."

"माणूस मेलं की त्याचं तोंड आठवायचं बंद होतं का?"

त्यांची हातोडी थांबली नाही. तेच मला बरं वाटलं. "कुणाचं तोंड आठवत नाही?"

"मायचं."

"कधीपासून?"

"लई दिस झालं."

"आणि हात? हात आठवतात का तिचे?"

मला विचारही करावा लागला नाही. मी बोलत सुटले. उजव्या तळव्याला कोयत्याचा घट्टा हाय. अंगठ्याचं नख मधून चिरलेलं. उसाच्या पाचटानं कापलेल्या बारीक रेघा, त्या कधीच भरत न्हाईत. बांगड्या हिरव्या, पण एक लाल, मधली फुटली म्हणून भरलेली. बोटाला मिसरीचा वास. सांगता सांगता माझ्या दगडावर चिंचेवर पाणी पडायला लागलं, ते माझ्याच डोळ्यांतलं होतं. मायनं ‘रडायचं न्हाई’ म्हणून बांधून ठेवलेलं सगळं त्या दुपारी सुटलं. कुणी वळून बघितलं नाही. सगळ्यांना आपापली बोटं सांभाळायची होती.

मॅडम म्हणाल्या, "माय कुठं गेली नाही. फार आठवण काढली की असं होतं. लई जणांना होतं. मी शिकायला परगावी होते तेव्हा माझंही झालं होतं, आणि माझी आई तर घरी छान पापड लाटत बसली होती." मग म्हणाल्या, "तोंडाच्या मागं लागू नकोस. ते आपोआप येईल. आता एक कर, तिचा आवाज कसा आहे ते आठव. पुढच्या गुरुवारी मला सांग."

तो आठवडा मी मायचा आवाज शोधण्यात घालवला. आवाज शोधायचा म्हणजे काय करायचं, तर ती काय काय म्हणते ते मनात म्हणून बघायचं. भांडताना कशी बोलते, शेळीला कशी हाकारते. कुठं बसेना. मग एकदा मधल्या सुट्टीत मैदानात बसले होते, डोक्यावर ऊन आलं, आणि मला एकदम शेताच्या बांधावरची माय ऐकू आली. काम करता करता तिचं लक्ष असायचं. बाभळीची सावली सरकली की ती तिथूनच ओरडायची, "ऊन लागतंय की गं बाऽय, सरक तिकडं." घोगरा आवाज, आणि ‘बाय’ लांबवत नेलेलं, विहिरीत घागर सोडावी तसं. आणि आवाजाच्या मागून तोंड आलं. उन्हानं बारीक केलेले डोळे, घामानं पसरलेलं कुंकू, सगळं. मी मैदानातून उठून उगाचच पळत सुटले. केव्हा एकदा गुरुवार येतो असं झालं होतं.

गुरुवारी मी दगड मांडून, मॅडमचा दगड पुसून बसले. एसटी आली. गावातली माणसं उतरली. एसटी गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. हेडसरांना विचारायचं धाडस मला नव्हतं, ते संगीनं केलं. हेडसर म्हणाले, "त्यांचं काम बंद झालं. वरून बंद झालं." हे वर कुठं असतं ते त्यांनाही माहीत नसावं, कारण त्यांनी हात नुसता छताकडं केला. बाहेर आल्यावर संगी म्हणाली, "गोळ्या संपल्या असतील."

तोवर चिंचही संपत आली होती. विज्ञानाच्या खोलीच्या दारावरची खडूची अक्षरं कुणी पुसली नाहीत, ती आपोआप झिजली.

माय आली ती वैशाखाच्या तोंडावर. ट्रॉलीतून उतरली ती कोण हे मला क्षणभर कळेना. काळी ठिक्कर पडलेली, गाल बसलेले. मी इतक्या मेहनतीनं परत मिळवलेलं तोंड आणि हे तोंड जुळेना. मी लांबच उभी. तिनं हात कपाळाशी धरून बघितलं आणि म्हणाली, "उन्हात का म्हून उभी ऱ्हायली गं बाऽय?" तेव्हा जुळलं.

माय जाऊन आता काही वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, माझ्या लग्नातले, भावाच्या मुलांसोबतचे, एकात तर गॉगल लावलाय. पण आवाज कुठंच नाही. कुणी धरून ठेवला नाही. त्या गुरुवारी मॅडमना तो सांगितला असता, तर निदान एका माणसाजवळ ठेवल्यासारखं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. त्या कुठं असतील? अजून बोलण्याआधी चष्मा पुसत असतील का? बीडच्या स्टँडवर उतरले की मी अजून बुटक्या बायकांकडं बघते. भेटल्या तर मी काय सांगणार, तेही ठरलेलं नाही. बहुतेक त्यांच्या शेजारी बसेन आणि रडेन.

आता मीच एका शाळेत गणित शिकवते. मध्यंतरी आम्हाला एक छोटं प्रशिक्षण झालं आणि गणिताबरोबर समुपदेशनही माझ्या गळ्यात पडलं. तेव्हाच्या खडूच्या जागी आता छापलेली पाटी आहे, भिंतीवर मदतीचा फोन नंबर चिकटवला आहे. मुलींनी फोन कुणाचा घ्यायचा आणि घेतलाच तर आडोसा कुठं शोधायचा, हे पाटीवर नाही. ह्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेलं एखादं माणूस शाळेत कायम असावं, हे मी दर बैठकीत बोलते. सगळे माना डोलावतात, आणि चहा येतो. मला राग येतो. मुलांच्या मनाचं काम हंगामी असून कसं चालेल? आईबाप हंगामी, वसतिगृह हंगामी, आणि ज्यांच्याजवळ रडायचं त्या मॅडमही हंगामी. माझ्या त्या खोलीत वर्षभरात जी दोन मुलं आली, ती पाणी प्यायला.

म्हणून ते पोतं. सोमवारी मी ते शाळेच्या व्हरांड्यासमोरच्या कडुलिंबाखाली ओतलं, दगड मांडले, हातोड्या ठेवल्या. मुख्याध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, हे काय नवीन काढलं?" म्हटलं, आमटीची सोय, सर. त्यांनी जास्त विचारलं नाही. आमटीला कोण नाही म्हणणार.

काल माझ्या शेजारच्या दगडावर अंकिता येऊन बसली. सातवीतली. तिचे आईबाप कर्नाटकात तोडीला गेलेत आणि ती चुलत्याकडं राहते. वर्गात ती कधी तोंड उघडत नाही. ती फोडायला लागली. मी माझ्या दगडाकडं बघत राहिले.

"बाई, माझी माय रोज फोनवर दिसती," ती म्हणाली.

"बरंय की."

"फोनमधी ती हसतीच. कट होईस्तोर हसती." तिनं एक ठोका मारला. "ती हसत नसंल तवा कशी दिसती, ते मला आता आठवत न्हाई."

मला वाटलं होतं, आता सगळ्यांच्या हातात चेहरे आले, माझं ते दुखणं संपलं असेल. ते असं दुसऱ्या दारानं आलं. माझी हातोडी मी थांबू दिली नाही. "हात आठवतात का तिचे?" मी विचारलं. तिला आठवत होते. ती सांगत राहिली आणि तिच्या दगडावर पाणी पडत राहिलं. मी तिला म्हटलं, असं होतं, लई जणांना होतं, मलाही झालं होतं. माय कुठं गेली नाही. ती कशी बोलते ते आठव, उद्या मला सांग. ‘पुढच्या गुरुवारी’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तिनं नाक पुसलं. आणि मग हातातली चिंच न फोडता तिनं मला विचारलं, "बाई, तुमची माय कशी बोलायची?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. एकट्या मॅडमनी विचारलं होतं, त्या ऐकायला आल्या नाहीत. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की काहीच येत नाहीये. शब्द सगळे आठवत होते, आवाज नव्हता. मनात म्हणून बघितलं, तर तो माझाच गणिताच्या बाईंचा आवाज, मधल्या पट्टीतला. म्हटलं, गेला. आता हाही गेला.

अंकिता वाट बघत होती. लिंबाची सावली सरकली होती आणि तिच्या अर्ध्या तोंडावर ऊन आलं होतं. ती डोळे बारीक करून माझ्याकडं बघत तशीच बसलेली.

"ऊन लागतंय की गं बाऽय," मी म्हणाले, "सरक इकडं."

ती सरकली. माझी हातोडी हवेतच राहिली. तो घोगरा, लांबवलेला आवाज माझ्या गळ्यातून आला होता, आणि मी तो काढला नव्हता.

"अशी," मी अंकिताला म्हणाले. "अशी बोलायची."